विश्लेषण : विद्यार्थी वर्ग सोडून गेले, प्राध्यापक मात्र प्रश्नच विचारत राहिले! कायद्याचे शिक्षण बदलणारे लँगडेल कोण होते?

प्राध्यापकांनी व्याख्यान द्यायचे, विद्यार्थ्यांनी ते उतरवून घ्यायचे, ही पद्धत मोडण्याची चर्चा आज प्रत्येक विद्यापीठात होते. अमेरिकेतील हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये हा प्रयोग 1870 मध्येच झाला होता. तो करणारे ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल सुरुवातीला कमालीचे अप्रिय ठरले.

शेतकऱ्याचा मुलगा हार्वर्डपर्यंत कसा पोहोचला?

लँगडेल यांचा जन्म 1826 मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील न्यू बोस्टन या खेड्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी त्यांनी कापड गिरणीतही काम केले. हार्वर्डमध्ये कायदा शिकताना ते तिथल्याच ग्रंथालयात सहायक होते आणि जुन्या निकालांच्या खंडांत रमलेले असत. पुढे न्यूयॉर्कमध्ये सुमारे 15 वर्षे वकिली केली, पण तिथेही न्यायालयापेक्षा ग्रंथालयातच जास्त वेळ गेला. चार्ल्स एलियट या रसायनशास्त्रज्ञाला विद्यार्थिदशेपासून हा अबोल, अभ्यासू माणूस ठाऊक होता. एलियट 1869 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लँगडेल यांना प्राध्यापक म्हणून बोलावले. काही महिन्यांत ते डीनही झाले.

तेव्हा कायद्याचे शिक्षण कसे होते?

पदवीसाठी दीड वर्ष हजेरी लावली की पुरे. प्रवेशासाठी अट नाही आणि शेवटी परीक्षाही नाही! प्राध्यापक ग्रंथातील नियम सांगत, विद्यार्थी ऐकत. कोणाला किती समजले, हे कळण्याची सोयच नव्हती.

लँगडेल यांनी नेमके काय केले?

त्यांनी व्याख्यान बंद केले. करार कायद्यावरील जुन्या खटल्यांचे मूळ निकाल छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिले. 1871 मध्ये त्याचे पुस्तक झाले. निकाल घरी वाचून यायचा. वर्गात ते एकाला खटल्यातील वस्तुस्थिती सांगायला लावत, दुसऱ्याला वादीच्या वकिलाचा युक्तिवाद विचारत, मग न्यायालयाचे म्हणणे पटते का, असा प्रश्न टाकत.

पहिल्या तासाला घेतलेला खटला होता 1789 चा, ‘पेन विरुद्ध केव्ह’. दारू गाळण्याच्या भांड्याच्या लिलावात एकाने 40 पौंडांची बोली लावली, पण हातोडा पडण्यापूर्वीच ती मागे घेतली. असे करता येते का? येते, असे इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवले. बोली हा केवळ प्रस्ताव असतो आणि हातोडा पडणे ही त्याची स्वीकृती. हा नियम आयता सांगायला अर्धे मिनिट लागले असते. विद्यार्थ्यांना तो स्वतः शोधून काढावा लागला. (भारतातही 1930 च्या वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम 64 मध्ये तोच नियम आहे.)

विद्यार्थी का चिडले?

पैसे भरून आलो ते प्राध्यापकांचे मत ऐकायला, शेजारच्या बाकावरच्याचे नव्हे, अशी त्यांची तक्रार होती. ती अगदीच गैर म्हणता येणार नाही; चाचपडत शिकणे कोणालाही वेळेचा अपव्ययच वाटतो. वर्ग झपाट्याने रिकामा झाला आणि उरलेल्या मूठभर मुलांची टिंगल होऊ लागली. जुने वकीलही विरोधात होते. अशा वातावरणात 1872 मध्ये शेजारीच बोस्टन विद्यापीठाचे लॉ स्कूल सुरू झाले. विद्यार्थी घटल्याने हार्वर्डवर दडपण होते, पण एलियट लँगडेल यांच्या पाठीशी उभे राहिले. टिकून राहिलेल्या तरुणांपैकी जेम्स बार एम्स यांना 1873 मध्ये थेट अध्यापक नेमण्यात आले. वकिलीचा अनुभव नसलेला माणूस कायदा शिकवणार, हाही त्या काळी धक्काच होता.

परीक्षेत काय बदल झाला?

खरे तर हा बदल अधिक मोठा मानावा लागेल. पहिल्या वर्षाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळेनासा झाला. व्याख्या विचारण्याऐवजी काल्पनिक प्रसंग देऊन कोणाचा हक्क कसा ठरेल, असे विचारले जाऊ लागले. त्यामुळे पाठांतर निरुपयोगी ठरले. अभ्यासक्रम आधी दोन, मग तीन वर्षांचा झाला.

टीका कोणती झाली?

ग्रंथालय हीच कायद्याची प्रयोगशाळा, असे लँगडेल मानत. पण निकालपत्रांत न दिसणारे पक्षकार, साक्षी आणि रोजचे न्यायालय या प्रयोगशाळेत येतच नव्हते. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीही त्यांच्या तर्ककठोरतेवर बोट ठेवले. स्त्रियांना तर या वर्गाचे दार बंदच राहिले. हार्वर्डने त्यांना 1950 मध्ये प्रवेश दिला.

पुढे काय झाले?

1890 च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठाने ही पद्धत स्वीकारली आणि हळूहळू ती अमेरिकाभर पसरली. लँगडेल यांची दृष्टी मात्र अधू होत गेली. वर्गातील प्रश्नोत्तरे अवघड होऊ लागली, तेव्हा ते स्वतः व्याख्यानाकडे वळले. 1895 मध्ये त्यांनी डीनपद सोडले. 1906 मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर हार्वर्डमध्ये त्यांचेच विद्यार्थी त्यांची पद्धत चालवत होते.