किंग कॅम्प जिलेट : वस्तऱ्याची धार लावायची कटकट संपवणारा सेल्समन

प्रिंटर स्वस्त आणि शाई महाग का, हे समजावताना सगळे जिलेटचं उदाहरण देतात. रेझर जवळपास फुकट वाटायचा आणि पैसे ब्लेडवर कमवायचे. माझ्या मते ही अर्धीच गोष्ट आहे. मूळ भानगड होती धारेची.

किंग कॅम्प जिलेट जन्मला ५ जानेवारी १८५५ ला, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये. शिकागोच्या १८७१ च्या आगीत घरचा धंदा बुडाला आणि पुढे तो गावोगाव फिरणारा सेल्समन झाला. बाटल्यांची पत्र्याची बुचं बनवणाऱ्या विल्यम पेंटरच्या कंपनीत तो काम करायचा. एकदा वापरून फेकून द्यावी अशी वस्तू शोध, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येईल, असा सल्ला पेंटरनेच त्याला दिला.

१८९५ मध्ये एका सकाळी दाढीला बसल्यावर त्याला दिसलं, वस्तरा बोथट झालाय. तेव्हाचा वस्तरा सांभाळणं म्हणजे काय होतं ते जरा बघू. दाढीआधी तो कातडी पट्ट्यावर फिरवायचा, पाठ पुढे आणि धार मागे, नाहीतर पट्टाच कापला जातो. याने धार सरळ होते, नवीन येत नाही. काही आठवड्यांनी, महिन्यांनी दगड लागायचाच. ओल्या दगडावर वस्तरा सपाट ठेवायचा, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली. मला आवडतो तो भाग हा, की कोन मोजावा लागत नाही. पाठीची जाडीच कोन ठरवते. इथे मात्र धार पुढे ठेवून सरकवायचं, टोकाला पाठीवरून पलटायचं आणि परत. आधी खरखरीत दगड, मग बारीक. हात जरा जड पडला की धार गेली. म्हणून बरेच जण वस्तरा धार लावणाऱ्याकडेच द्यायचे.

बोटं वाचवणारे, जाळी असलेले रेझर १८८० पासून मिळत होते, पण त्यांच्या पात्यालाही धार लावावीच लागायची. जिलेटने धार लावणंच काढून टाकायचं ठरवलं. पत्र्याचं पातळ पातं घ्यायचं, दोन्ही कडांना धार द्यायची आणि बोथट झालं की टाकून द्यायचं.

आयडिया सोपी, स्टील अवघड. इतका पातळ पत्रा कडक करून त्याला धार देता येणार नाही, असं जाणकारांनी त्याला सांगितलं. जिलेट इंजिनिअर नव्हता. हे कोडं सोडवलं एमआयटीत शिकलेल्या विल्यम निकरसनने. पातळ स्टील कडक करायची पद्धत आणि धार लावणारी मशिन्स त्याचीच. हातातलं कौशल्य त्याने मशिनमध्ये घातलं, आणि माझ्या मते खरा शोध हाच. (इंग्रजीत ‘निक’ म्हणजे छोटासा काप, त्यामुळे हे आडनाव रेझरवर चाललं नसतंच!)

१९०१ मध्ये कंपनी निघाली. १९०३ मध्ये रेझर विकले गेले फक्त ५१ आणि ब्लेड १६८. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला आणि पेटंटही मिळालं. पण रेझर फुकट नव्हता हं! किंमत ५ डॉलर, तेव्हा चांगलीच जड. १९२१ मध्ये पेटंट संपल्यावर कुठे कंपनीने स्वस्त रेझर काढले. त्याआधी पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले होते. घरी परतलेल्या त्या पोरांना दगड-पट्टा कशाला हवा?

आज आपल्या सलूनमधला वस्तराही बघा. अर्धं मोडलेलं ब्लेड त्यात बसवतात आणि गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतात.

गंमत म्हणजे हाच माणूस धंद्यातल्या स्पर्धेच्या विरोधात होता. १८९४ च्या पुस्तकात त्याने नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणारं एकच महाशहर आणि सगळं उत्पादन करणारी एकच कंपनी कल्पिली होती. ते काही झालं नाही. १९२९ च्या मंदीत त्याची बरीचशी संपत्ती गेली आणि ९ जुलै १९३२ ला कॅलिफोर्नियात तो वारला. मिशीवाला त्याचा चेहरा मात्र ब्लेडच्या कागदावर पुढेही छापला जात होता.