हुद्द्यातला एक शब्द

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातातला दिवा आठवतो. बाईंची खरी लढाई मात्र हुद्द्याशी होती. १८५४ साली ३८ परिचारिका घेऊन त्या स्कुटारीला गेल्या. नेमणुकीच्या कागदावर त्या तुर्कस्तानातील इंग्रजी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या अधीक्षक होत्या. आणि क्रिमिया तर रशियाचा! तिथल्या लष्करी वैद्यकाचे प्रमुख डॉ. जॉन हॉल यांनी नेमके यावरच बोट ठेवले. मग बालाक्लावाच्या परिचारिकांनी ऐकायचे कुणाचे? १८५५ मध्ये बाई तिथे तापाने मरता मरता वाचल्या. वाद काही मिटला नाही. अखेर मार्च १८५६ मध्ये लष्करी हुकूम निघाला आणि सगळ्याच लष्करी इस्पितळांतल्या परिचारिका त्यांच्या हाताखाली आल्या. तोवर युद्ध संपतच आले होते! १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची प्रशिक्षणशाळा निघाली, तेव्हा परिचारिकांवर अधिकार मेट्रनचाच राहील, यावर बाई अडून बसल्या.