जो लुईस : रिंगमधली शिस्त आणि रिंगबाहेरचे आयुष्य

१९३७ ते १९४९ अशी जवळपास बारा वर्षे जो लुईस हे बॉक्सिंगमधील हेवीवेट गटाचे जगज्जेते होते. या काळात त्यांनी २५ वेळा आपले विजेतेपद राखले. त्या गटात हा विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. मात्र याच माणसाची शेवटची वर्षे लास वेगासच्या एका कॅसिनोत पाहुण्यांचे स्वागत करण्याच्या नोकरीत गेली. म्हणून त्यांचे विजय आणि नंतरचे हाल, दोन्ही आपण समजून घेतले पाहिजेत असे आम्हाला वाटते.

जो लुईस यांचा जन्म १३ मे १९१४ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात झाला. घरातील आधीच्या पिढीने गुलामगिरी भोगली होती आणि आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत होते. लुईस लहान असतानाच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. १९२६ मध्ये हे कुटुंब पोटापाण्यासाठी डेट्रॉइट शहरात आले. मुलाने व्हायोलिन शिकावे म्हणून आई पैसे देत असे, पण मुलगा बॉक्सिंगच्या तालमीत रमला. १९३२ मधील पहिल्याच हौशी लढतीत ते सात वेळा खाली पडले. काही महिने त्यांनी बॉक्सिंग सोडले आणि फोर्डच्या कारखान्यात काम केले. त्यानंतर ते पुन्हा तालमीत आले. १९३४ मध्ये ते हौशी गटाचे राष्ट्रीय विजेते झाले आणि त्याच वर्षी व्यावसायिक बॉक्सर बनले.

त्यांचे प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न हे स्वतः जुने कृष्णवर्णीय बॉक्सर होते. गोरे पंच काळ्या खेळाडूला गुणांवर न्याय देतील यावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून प्रतिस्पर्ध्याला नॉकआउट करायलाच त्यांनी लुईस यांना शिकवले. पहाटे उठून धावणे, पायांचा तोल सांभाळणे, जवळून आखूड पण जोरदार ठोसा मारणे, हे सारे रोज घोटून घेतले जाई. रिंगबाहेरही नियम होते. गोऱ्या स्त्रीसोबत छायाचित्र काढायचे नाही, हरलेल्या प्रतिस्पर्ध्यासमोर आनंद दाखवायचा नाही, वागणे स्वच्छ ठेवायचे. पहिले कृष्णवर्णीय हेवीवेट विजेते जॅक जॉन्सन मोकळेपणाने जगले, हे गोऱ्या समाजाला सहन झाले नव्हते. १९१५ मध्ये त्यांचे विजेतेपद गेले. त्यानंतर २२ वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला त्या विजेतेपदासाठी लढू दिले गेले नाही. लुईस यांच्यावर लादलेल्या शिस्तीमागे ही वर्णव्यवस्था होती.

शिस्त ढिली पडली की काय होते, हेही त्यांनी अनुभवले. १९३६ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंग यांच्याशी लढण्याआधी त्यांचे लक्ष सरावापेक्षा गोल्फकडे अधिक होते. बाराव्या फेरीत ते नॉकआउट झाले. पुढच्या वर्षी जेम्स ब्रॅडॉक यांना हरवून ते जगज्जेते झाले. २२ जून १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सुमारे ७० हजार प्रेक्षकांसमोर त्यांनी श्मेलिंग यांना पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत हरवले. हिटलरच्या वंशश्रेष्ठत्वाच्या प्रचाराला तो सणसणीत टोला होता. हार्लेममध्ये लोक रस्त्यावर उतरून नाचले.

१९४२ मध्ये लुईस सैन्यात भरती झाले. त्या वर्षीच्या दोन लढतींचे मानधन त्यांनी नौदल आणि भूदलाच्या मदत निधीला दिले. ज्या सैन्यात काळ्या-गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या, त्याच सैन्यासाठी त्यांनी हे केले. पुढे कर खात्याने या मानधनावरही कर लावला. त्यांच्या लढतींतून सुमारे ४६ लाख डॉलर जमा झाले होते, पण त्यांच्या हाती सुमारे आठ लाखच आले. बाकीचे व्यवस्थापक आणि इतरांमध्ये वाटले गेले. हिशेब इतरांच्या हातात होता आणि करासाठी कुणी पैसे बाजूला ठेवले नव्हते. लुईस स्वतःही नातेवाईक आणि मित्रांवर सढळ हाताने खर्च करत. थकलेला कर व्याजासह दहा लाख डॉलरच्या पुढे गेला.

१९४९ मध्ये निवृत्त झालेल्या लुईस यांना या कर्जामुळे पुन्हा रिंगमध्ये उतरावे लागले. १९५० मध्ये ते एझर्ड चार्ल्स यांच्याकडून हरले. १९५१ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, तरुण रॉकी मार्सियानो यांनी त्यांना आठव्या फेरीत नॉकआउट केले. पुढे त्यांनी पोटासाठी तमाशेवजा कुस्त्याही केल्या. नंतर अमली पदार्थ आले, मानसिक आजार आला आणि १९७० मध्ये रुग्णालयात राहावे लागले. १२ एप्रिल १९८१ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत सन्मानाने दफन झाले आणि अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावणाऱ्यांत श्मेलिंग होते.

लुईस यांना शरीराची शिस्त मिळाली, पण स्वतःच्या पैशांवर आणि पुढच्या आयुष्यावर ताबा ठेवण्याचे शिक्षण कुणी दिले नाही. त्यांच्या मुठीवर एका समाजाने आपला स्वाभिमान तोलला, देशाने आपला प्रचार केला, व्यावसायिकांनी नफा कमावला. लढणे थांबल्यावर यातले फार थोडे सोबत राहिले. आज आपली मुले-मुली मैदानात उतरत आहेत. पदक आल्यावर त्यांची मिरवणूक जरूर काढू. पण त्यांचे शिक्षण सुरू आहे का, करार त्यांनी स्वतः वाचला आहे का, खेळ सुटल्यावर हाताला काम असेल का, हे प्रश्न पदकाआधीच विचारणे ही आपली जबाबदारी आहे.