सोळावा अध्याय आणि अहिल्याबाईंची सही



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १३ ते १५.

आसुरी वृत्तीच्या माणसाच्या मनात दिवसभर काय चालतं, ते भगवंत या तीन श्लोकांत सांगतात. मिळवलेल्या धनाचा हिशोब, अजून मिळवायची हाव, शत्रूला संपवल्याची फुशारकी, आपल्या तोडीचा कोणी नाही हा ताठा. इथपर्यंत सगळं अपेक्षित होतं. पण याच यादीच्या शेवटी यज्ञ आणि दानसुद्धा आहे! तिथे मी अडखळले. म्हणजे दान करतानाही देव विसरता येतो?

येतो. देणगी देवाला द्यायची आणि मनात मात्र ‘मी दिली’ हेच घोळवत बसायचं. सत्ता आणि पैसा आल्यावर माणूस लगेच नास्तिक होतो असं नाही. देव्हारा घरात असतोच, फक्त त्यात हळूच ‘मी’ जाऊन बसतो.

हे वाचताना मला सारख्या अहिल्याबाई होळकर आठवत होत्या.

१७२५ मध्ये चौंडीसारख्या लहान गावात जन्मलेली ही मुलगी मल्हारराव होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. त्या सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना थांबवलं आणि कारभारात तयार केलं. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. आणि माळव्याचं राज्य, भरलेला खजिना, फौज, सगळं या एकट्या बाईच्या हाती आलं. राघोबादादा फौज घेऊन चालून आले, तेव्हा त्या लढायला उभ्या राहिल्या आणि दादांना माघार घ्यावी लागली.

आता विचार करा, ‘मी’पणा चढायला अजून काय हवं होतं?

पण अहिल्याबाईंनी तो चढू नये म्हणून रोजची व्यवस्थाच लावून घेतली होती. राज्याच्या हुकुमांवर त्या स्वतःच्या नावाऐवजी ‘श्री शंकर’ लिहीत. राज्य शंकराचं, आपण त्याच्या कारभारी. महेश्वरला नर्मदेकाठी त्यांचा वाडा साधाच राहिला. राज्याचा पैसा वेगळा आणि खासगी वेगळी. ही खासगी जहागीर १७३४ मध्ये त्यांच्या सासूबाई गौतमाबाईंच्या नावे मिळाली होती, ती पुढे यांच्याकडे आली. दानधर्म त्यातूनच व्हायचा, आणि तिच्यावरही त्यांनी तुळशीपत्र ठेवलं होतं, असं सांगतात. म्हणजे हक्काचं होतं, तेही आधीच देवाचं करून टाकलं.

१७८० मध्ये त्यांनी काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं. सोमनाथ, वेरूळचं घृष्णेश्वर, गयेचं विष्णुपद, शिवाय कितीतरी घाट, विहिरी, धर्मशाळा. एवढं दान ज्याच्या हातून होतं त्याला सोळाव्या अध्यायातल्या त्या शेवटच्या सापळ्याची भीती सगळ्यात जास्त. पण देणाराच शंकर आहे म्हटल्यावर ‘मी दिलं’ म्हणायला उरतं कोण?

आणि याची खरी परीक्षा सुखात झाली नाही. उतारवयात नातू गेला, मग जावई. १७९१ मध्ये मुक्ताबाई, त्यांची एकुलती एक लेक, आईने खूप विनवूनही सती गेली. राज्य हातात असून त्यांना लेकीला थांबवता आलं नाही. मला वाटतं, ज्याने सगळं ‘माझं’ म्हणून धरलेलं असतं, तो अशा वेळी देवाला हिशोब विचारतो. अहिल्याबाईंना दुःख कमी झालं असेल असं मी म्हणणार नाही. पण पूजा सुटली नाही आणि कारभारही सुटला नाही. १३ ऑगस्ट १७९५ ला महेश्वरलाच त्यांनी देह ठेवला.

आपल्याकडे राज्य नाही. पण महिन्याच्या शेवटी पगार जमा झाल्याचा मेसेज येतो, कधी प्रमोशन होतं, हाताखाली चार माणसं येतात. प्रमोशनच्या आठवड्यात माझं रोजचं वाचन कितीदा राहिलंय, ते मला माहीत आहे. अडचणीत असताना मात्र एकदाही राहिलं नव्हतं!

आजचा संकल्प छोटासाच. या महिन्याचा पगार आला की खर्चाचा विचार करण्याआधी एक तुळशीचं पान देवापुढे ठेवायचं आणि मनातल्या मनात सही त्याच्या नावाची करायची.

देवा, दिलंस ते तुझंच आहे, एवढं विसरू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी. उद्या भेटूच.