मारलेली चिमणी स्वयंपाकघरात गेली नाही, म्हणून भारताला सलीम अली मिळाले

शिकारीत बार उडाला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. पूर्वी सांबरासारखं मोठं जनावर पडलं की आधी पोट फाडून आतडी बाहेर काढायचे. उशीर झाला तर अंगातल्या उष्णतेनं मांस नासायचं. पक्ष्यांचंही तसंच, फक्त हात आणखी हलका लागतो. याच कामात हात बसवत एक पोरगा पुढं देशाचा सगळ्यात मोठा पक्षीशास्त्रज्ञ झाला.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईतला. आईवडील लवकर गेले, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. मामा शिकारी. भाच्याच्या हातात छर्ऱ्याची बंदूक आली आणि मारलेल्या चिमण्या स्वयंपाकघरात जाऊ लागल्या.

एकदा मात्र पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाण्यातली आहे का, असा प्रश्न पोराला पडला. मामांनी त्याला थेट बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत धाडलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी तर ओळखलाच, शिवाय कपाटांतला पक्ष्यांचा संग्रहही उघडून दाखवला. पुढं तिथंच सलीम पक्षी सोलून टिकवायला शिकले.

हे करतात कसं? पोटावर बारीक चीर द्यायची. पिसं न मळू देता कातडी उलटी करत सोलायची. मांस आणि मेंदू काढायचा, आतून आर्सेनिकचा साबण लावायचा, कापूस भरायचा. पक्षी नर की मादी, हे पोट उघडून पाहायचं. शेवटी पायाला तारीख आणि ठिकाणाची चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर अभ्यासकाला त्या पक्ष्याचा फारसा उपयोग नाही.

१९२९ मध्ये ते बर्लिनला स्ट्रेसमान यांच्याकडे शिकायला गेले. परत आले तर म्युझियममधली नोकरी गेलेली. मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीची घरटी तासन् तास न्याहाळली. १९३१ पासून हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. तेव्हा मराठवाडाही त्याच संस्थानात होता. पत्नी तेहमिना सोबत असायच्या. १९४१ मध्ये 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' आलं आणि सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला.

आपण पक्षी मारले, हे त्यांनी कधी लपवलं नाही. कुठला पक्षी कुठं राहतो, एका भागातला दुसऱ्या भागातल्यापेक्षा वेगळा का दिसतो, हे ठरवायला त्या काळी हातात पक्षी लागायचाच. पण याच माणसानं राजेरजवाड्यांच्या बदकांच्या शिकारीचं भरतपूर पक्ष्यांसाठी राखलं जावं म्हणून धडपड केली. सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचवण्यासाठीही आवाज उठवला.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा तो काळ संपला. १९८७ मध्ये सलीम अली गेले. त्यांनी गोळा केलेले पक्षी मात्र सोसायटीच्या संग्रहात आहेत, पायातल्या चिठ्ठ्यांसकट.