तलाव, जहाज आणि महाराज : माधवराव शिंदे यांची पाण्याची गोष्ट

नानाखेडा (उज्जैन) : इंदूरकडून येणाऱ्या बसमधून नानाखेड्याला उतरलं आणि शहरात शिरलं, की एक नाव सारखं कानावर येतं. माधवनगर, माधव कॉलेज, माधव क्लब. हे माधव म्हणजे ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे. नव्या पिढीचा इथं थोडा घोळ होतो. 2001 साली विमान अपघातात गेलेले माजी केंद्रीय मंत्री माधवराव हे यांचे नातू. आपण बोलतोय ते आजोबांबद्दल. 20 ऑक्टोबर 1876 ला जन्मले आणि 5 जून 1925 ला पॅरिसमध्ये वारले, ते हे माधवराव.

त्यांच्याबद्दल बोलताना राजवाडा, वाघाची शिकार आणि जेवणाच्या टेबलावर धावणारी चांदीची आगगाडी एवढंच हमखास सांगितलं जातं. पण या माणसाचं पाण्याशी जे नातं होतं, ते त्या चांदीच्या गाडीपेक्षा जास्त मोलाचं आहे. त्यात हौस होती, सोय होती आणि एक मोठा अपघातही होता.

दहाव्या वर्षी गादी

शिंदे घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचं. राणोजी शिंद्यांनी माळव्यात उज्जैनला ठाणं केलं. पुढे दौलतरावांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, राजधानी ग्वाल्हेरच्या लष्करला गेली. उज्जैन मात्र संस्थानातच राहिलं, आणि मराठी घरं इथंही रुजली.

1886 साली जयाजीराव महाराज वारले तेव्हा माधवरावांना दहावं वर्ष चालू होतं. कारभार काही वर्षं मंडळाच्या हाती होता. 1894 साली सगळे अधिकार त्यांच्याकडे आले. यंत्रांचं त्यांना भारी वेड. इंजिन स्वतः चालवायचे. ग्वाल्हेरहून शिवपुरीकडे, भिंडकडे, श्योपुरकडे दोन फुटी रुळांची छोटी रेल्वे त्यांच्याच काळात पसरली. हाच माणूस पुढे पाण्याकडे वळला, आणि त्याचं पहिलं कारण हौस नव्हतं. ते होतं दुष्काळ.

छप्पनचा दुष्काळ आणि तिघरा

संवत 1956, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ माळवा, राजस्थान आणि बुंदेलखंडाच्या पट्ट्यात अजून ‘छप्पनचा’ म्हणूनच ओळखला जातो. ग्वाल्हेरच्या आसपासची जमीन खडकाळ. पाऊस चार महिने पडतो आणि वाहून जातो. तेव्हा बांध घालायचे, तलाव करायचे, कालवे काढायचे, हे काम संस्थानाने जोरात हाती घेतलं.

त्यातलं मोठं काम म्हणजे ग्वाल्हेरजवळ सांक नदीवरचं तिघरा धरण. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी 1903 साली पुण्याच्या खडकवासल्याला जे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, तसेच दरवाजे पुढे इथं आले. धरण उभं राहिलं खरं, पण 19 ऑगस्ट 1917 ला दुपारी ते फुटलं. दोष दरवाज्यांचा नव्हता. पायातल्या वाळूच्या दगडातून पाणी झिरपत गेलं आणि भिंतीला आधार उरला नाही. खालच्या गावांत फार माणसं गेली.

माधवरावांच्या चरित्रात ही गोष्ट अनेकदा गाळली जाते. ती गाळू नये. पाणी अडवणं हे पुण्याचं काम असलं, तरी पाया नीट तपासला नाही तर तेच पाणी गावं घेऊन जातं. धरण पुन्हा बांधून झालं ते महाराजांच्या पश्चात. आज ग्वाल्हेर शहर त्याच तिघऱ्याचं पाणी पितं आणि सुट्टीच्या दिवशी लोक तिथं बोटीत बसायला जातात.

शिवपुरीचा तलाव

शिवपुरी ही महाराजांची उन्हाळ्याची राजधानी. तिथं 1918 साली मनियर नदीचं पाणी अडवून मोठा तलाव झाला. आईच्या, म्हणजे सख्याराजे यांच्या नावावरून त्याला ‘सख्य सागर’ म्हणतात. शेजारी माधव सागर. सख्य सागराच्या काठावर महाराजांनी सेलिंग क्लब उभा केला. समुद्रापासून कितीतरी मैल आत, जंगलाच्या मधोमध, शिडाच्या नावांचा क्लब!

आता खरं सांगायचं तर हा क्लब काही सगळ्यांसाठी नव्हता. महाराज, सरदार मंडळी, गोरे पाहुणे यांची ती जागा. साध्या माणसाला काठावरून बघण्याचीही मुभा असेल-नसेल. पण तलाव मात्र क्लबपुरता राहिला नाही. आजूबाजूच्या विहिरींना पाणी झालं, जनावरांना झालं, हिवाळ्यात पाहुणे पक्षी यायला लागले. क्लबचे सभासद गेले, संस्थान गेलं, तलाव राहिला.

समुद्र नाही, पण जहाज आहे

ग्वाल्हेर संस्थानाला बोटभर किनारा नव्हता. तरीही माधवरावांचं नाव भारताच्या जहाजांच्या इतिहासात आहे. 1900 साली चीनमधल्या लढाईच्या वेळी त्यांनी ‘ग्वालियर’ नावाचं इस्पितळ-जहाज दिलं आणि स्वतःही चीनला गेले.

पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांनी त्याहून मोठी उडी घेतली. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे कॅनडातल्या कंपनीचं प्रवासी जहाज व्हँकुव्हर, जपान आणि हाँगकाँगच्या मार्गावर चालायचं. डिसेंबर 1914 मध्ये महाराजांनी ते विकत घेतलं आणि जखमी हिंदी सैनिकांसाठी इस्पितळ केलं. नाव ठेवलं ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा. निष्ठा कोणाशी, हे सांगायला नको. इंग्रजांशी जुळवून घेऊनच त्यांचं राज्य चाललं होतं.

पुढे गंमत झाली. युद्ध संपल्यावर 1919 मध्ये हे जहाज सोलापूरचे वालचंद हिराचंद, मुंबईचे नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नव्या कंपनीने घेतलं. कंपनीचं नाव सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. म्हणजे आपलं शिंदेच! 5 एप्रिल 1919 ला ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघालं. परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीला भारतीय मालकीच्या जहाजाने दिलेलं ते आव्हान होतं. इंग्रजांच्या निष्ठेचं नाव घेतलेलं जहाज स्वदेशी धंद्याचं निशाण झालं. आजही 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. जहाज म्हातारं होतं, 1923 साली मुंबईत मोडीत निघालं. कंपनी मात्र पुढे अनेक दशकं चालली.

उज्जैनचा कालियादेह

नानाखेडा शहराच्या दक्षिणेला. तिथून गाव ओलांडून उत्तरेला गेलं की शिप्रेच्या काठी कालियादेह महाल लागतो. माळव्याच्या सुलतानांनी नदीचं पाणी दगडी पाटांतून खेळवून इथं कुंडं बांधली. लोक त्याला बावन कुंड म्हणतात. उन्हाळ्यात गारव्याला बसायचं, पाण्यात डुंबायचं, यासाठी ही जागा. अकबर इथं येऊन गेला, जहांगीरही आला. सुलतान नासिरुद्दीन दारूच्या नशेत पाण्यात पडून बुडाला, अशी हकीकत जहांगिराने आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे.

मधल्या धामधुमीत महालाची पडझड झाली. 1920 साली माधवरावांनी त्याची डागडुजी केली. त्यांच्या मनात आलं असतं तर जुनं पाडून नवा बंगला बांधता आला असता. त्यांनी जुनं पाण्याचं बांधकाम जपलं. त्याच सुमारास, 1923 मध्ये, उज्जैनच्या वेधशाळेचीही दुरुस्ती झाली.

पुस्तक वाघावर, काम पाण्यावर

1920 साली महाराजांच्या नावाने वाघाच्या शिकारीवर एक इंग्रजी पुस्तक निघालं. मचाण, हाका, बंदूक यांची बारीक माहिती त्यात होती. त्या काळी संस्थानिकांच्या पुस्तकांचा तो थाटच होता. आज ते अभिमानाने सांगावं असं राहिलेलं नाही. शिवपुरीच्या ज्या जंगलात शिकारी झाल्या, तिथं आता माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि मार्च 2025 मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. वाघ बाहेरून आणून सोडावे लागले. तलावाचं मात्र उलट झालं. त्याच्यावर कोणी गाजावाजा केला नाही, आणि 2022 साली सख्य सागराचं नाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत गेलं.

माधवराव पन्नाशीही न गाठता गेले. शिवपुरीत त्यांची संगमरवरी छत्री आईच्या छत्रीसमोर आहे. तिथं जाणारे लोक छत्रीचं कोरीवकाम बघतात, फोटो काढतात आणि परततात. दोन पावलं पुढे जाऊन तलावही बघायला हवा. पाण्यात मगरी आहेत, पक्षी आहेत, आणि सोबत जलपर्णी आणि शहराचं सांडपाणीही आहे.

उज्जैनची स्थिती वेगळी नाही. शिप्रेत पुरेसं पाणी राहत नाही म्हणून 2014 पासून नर्मदेचं पाणी पंपाने उचलून आणावं लागतं. 2028 चा सिंहस्थ तोंडावर आहे. घाट होतील, रस्ते होतील, बोटीही येतील. पण क्लब आधी आणि तलाव मागून, असं कधी होत नाही. शिवपुरीत आधी नदी अडली, मग शिडं लागली. तिघऱ्यात पाया चुकला, तेव्हा सगळंच वाहून गेलं. महाराजांच्या नावाच्या पाट्या उज्जैनभर आहेत. त्यांचा पुतळा धुऊन हार घालण्याइतकंच शिप्रेत जाणारा एखादा नाला बंद करणंही त्यांच्या स्मृतीला शोभेल.