हातमोजे घातलेले पोलीस

गणवेशातला पोलीस लहान मूलही ओळखते. साध्या वेशातला ओळखायचा तर कपडे सोडून बाकी सगळे पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये चोर पोलिसाला हुडकत होते आणि पोलीस चोराला. या लपंडावाचे नियम ज्याने बदलले तो यूजीन फ्रान्स्वा विडॉक दोन्ही बाजूंनी खेळलेला होता.

विडॉकचा जन्म जुलै १७७५ मधला, उत्तर फ्रान्समधल्या आरास गावचा. बाप पाव भाजणारा. पोराने लहानपणीच बापाच्या गल्ल्यात हात घातला, घर सोडले, सैन्यात गेला, तिथूनही निसटला. पुढे तुरुंगात असताना एका कैद्याच्या सुटकेचा बनावट हुकूम तयार केल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि १७९६ मध्ये आठ वर्षांची सक्तमजुरी झाली. ब्रेस्ट आणि तूलाँ या दोन्ही बंदरांतल्या कैदखान्यांतून तो पळाला. मग नाव बदलून व्यापार करू लागला. पण जुना सोबती कुठेतरी भेटायचा, तोंड बंद ठेवण्याचे पैसे मागायचा आणि बस्तान उठायचे. वेश बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही, हा धडा त्याला असा मिळाला.

१८०९ मध्ये पुन्हा पकडला गेल्यावर त्याने पोलिसांपुढे प्रस्ताव ठेवला : तुरुंगात राहून मी तुम्हाला बातम्या पुरवतो. एकवीस महिने त्याने हे काम केले. १८११ मध्ये त्याला बाहेर काढण्यात आले आणि पुढच्या वर्षी साध्या वेशातल्या पथकाला अधिकृत रूप आले. सुरुवातीला हाताखाली माणसे चार, तीही तुरुंग पाहून आलेली.

अशा माणसांची गरज का पडली? पॅरिसचे तेव्हा अठ्ठेचाळीस विभाग होते आणि प्रत्येकाचा पोलीस अधिकारी वेगळा. एका विभागात चोरी करून दुसऱ्यात दडणे सोपे होते. शिवाय नेहमीचे पोलीस साध्या कपड्यांत फिरत असले तरी त्यांचे चेहरे गुन्हेगारांना पाठ झालेले असत. विडॉकची माणसे शहरभर फिरत. गुत्त्यात बसली तर ती तिथलीच वाटत, कारण ती खरोखर तिथलीच होती. तिथली बोली, तिथले हिशेब, तिथली भांडणे त्यांना शिकावी लागली नव्हती. वर्षानुवर्षे पायात बेडी ओढलेल्या माणसाची चाल सुटल्यावरही पुरती सरळ होत नसे. असल्या खुणा टिपायला त्यांना पुस्तक लागत नव्हते.

पण जी गोष्ट पथकाचे बळ होती तीच त्याचा कलंक ठरली. गर्दीत मिसळणारे हे जुने चोर लोकांचे खिसेही साफ करतात, अशी कुजबूज सुरू झाली. विडॉकने आपल्या आठवणींत सांगितले आहे की, यावर उपाय म्हणून त्याने माणसांना कायम कातडी हातमोजे घालायला लावले. खिसेकापूला बोटांची त्वचा मोकळी लागते. मोजे घालून तो धंदा होत नाही. म्हणजे साध्या वेशातल्या पोलिसांवर त्यांच्या प्रमुखानेच एक खूण चढवली, आणि तीही त्यांच्यावर विश्वास नव्हता म्हणून!

१८१८ मध्ये राजाने विडॉकला माफी दिली. १८२७ मध्ये त्याने राजीनामा दिला, सुटलेल्या कैद्यांना काम देणारा कागदाचा कारखाना काढला, तो बुडाला. १८२९ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर पहिल्यांदा निळ्या गणवेशातले पोलीस उभे राहिले. पोलीस कोण ते लोकांना दिसावे, हाच त्यामागचा विचार. साध्या वेशातल्या पहाऱ्याला लोक कंटाळले होते, याची ती एक प्रकारे कबुलीच होती.

१८३२ मध्ये विडॉक परत आला. त्या जूनमध्ये जनरल लामार्क यांच्या अंत्ययात्रेतून बंड पेटले, पॅरिसमध्ये अडथळे उभे राहिले, आणि विडॉकचे पथक बंडखोरांविरुद्ध वापरले गेले. चोरांसाठी बांधलेले जाळे आता नागरिकांवर पडले. नोव्हेंबरमध्ये त्याला जावे लागले. पथक नव्याने उभारताना शिक्षा झालेल्या माणसांना दार बंद झाले. १८३३ मध्ये त्याने खासगी चौकशीची कचेरी थाटली. पोलिसांनी तिच्यावरही धाडी घातल्या. ११ मे १८५७ रोजी पॅरिसमध्ये तो वारला. आयुष्यभर चोर त्याला फितूर समजले आणि पोलीस चोर.

बाल्झाकने त्याच्यावरून व्होत्रँ घडवला. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ च्या कादंबरीतला फरारी कैदी जाँ व्हालजाँ आणि त्याचा पाठलाग करणारा इन्स्पेक्टर जाव्हेर, दोघांतही विडॉकची छाया आहे. त्याच कादंबरीत जून १८३२ च्या बंडात जाव्हेर साध्या वेशात बंडखोरांत शिरतो. शिकलेसवरलेले क्रांतिकारक त्याला ओळखत नाहीत. ओळखतो गाव्रोश हा रस्त्यावरचा पोरगा. पंधरवड्यापूर्वी याच माणसाने त्याला पुलाच्या कठड्यावरून कान धरून खाली ओढले होते.

ह्यूगोला नेमके कळले होते. साध्या वेशातला पोलीस बूट किंवा टोपीवरून क्वचितच सापडतो. ज्याच्या कानाला त्याचा हात लागलेला असतो, तोच त्याला गर्दीत ओळखतो. विडॉक चोरांना ओळखत होता तोही असाच, त्यांच्या शेजारी बेडीत झोपलेला असल्यामुळे. एवढी जवळीक राज्याला हवी होती. जवळ आलेला माणूस मात्र नको होता.